बोटीवर पाणसळ चालत नाही

‘बोट?’ आई फोनवर दोन सेकंद गप्पच झाली. मग म्हणाली, ‘काश्मीरला असते तसली?’

तसली नाही गं. ही इंग्लंडच्या कालव्यांवरची नॅरोबोट. नावाप्रमाणेच अरुंद. रुंदी सहा फूट दहा इंच, म्हणजे आपल्या किंग साइझ पलंगापेक्षा जेमतेम जास्त. लांबी मात्र पार सत्तर फुटांपर्यंत. अशी विचित्र मापं का? तर अठराव्या शतकात जेम्स ब्रिंडली आणि त्याच्या सोबतच्या इंजिनिअरांनी मधल्या इंग्लंडातले कालवे आखले, तेव्हा त्यांवरची लॉक्स, म्हणजे बोटीला वरच्या-खालच्या पातळीवर नेणारे हौद, जेमतेम सात फूट रुंद ठेवले. तेव्हा त्यांतून कोळसा जायचा. आता कोळसा गेला, माणसं राहायला आली. बोट मात्र तेवढीच अरुंद राहिली. कारण हौदाची भिंत काही सरकत नाही!

माझी नोकरी मिल्टन कीन्सला. सॉफ्टवेअर टेस्टिंग. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. राहायला रग्बीला, भाड्याच्या एका खोलीत. भाडं दर वर्षी वाढायचं आणि खोली दर वर्षी तेवढीच असायची. घराच्या डाउन पेमेंटचा आकडा बघितला की घाम फुटायचा. मग ऑक्टोबर २०२१ मध्ये मी अकरा वर्षांच्या सेव्हिंग्जमधला मोठा घास काढला आणि पन्नास फुटी जुनी बोट विकत घेतली. आतून पूर्ण रिकामी. आधीच्या मालकाने सगळं इंटिरियर उचकटून काढलं होतं आणि मग त्याचाच धीर सुटला होता. मला वाटलं, बरंच झालं! आपण आपल्या मनासारखं करू. यूट्यूब आहे, वीकेंड्स आहेत. सहा महिने, फार तर आठ.

अठरा लागले, बॉस. आणि त्यातल्या एका रात्री सगळंच संपलं असतं. ती गोष्ट पुढे येतेच.

सगळेच एक्स्पर्ट

माझं एक चांगलं झालं. पैसे देण्याआधी मी सर्व्हेअर बोलावला. त्याने बोट पाण्याबाहेर काढायला लावली, हातोडीने ठोकली आणि मग अल्ट्रासाउंडच्या यंत्राने पत्र्याची जाडी मोजत फिरला. बोटीची सोनोग्राफीच म्हणा ना! अशा बोटींचं नेहमीचं माप १०-६-४ असतं. तळाला १० मिलिमीटर पोलाद, बाजूंना ६, वरच्या केबिनला ४. माझ्या बोटीचा तळ आणि बाजू थोड्या झिजल्या होत्या, पण ठीक होत्या. पाण्याखालचा पत्रा ४ मिलिमीटरच्या खाली गेला की इथल्या विमा कंपन्या कुरकुरायला लागतात. आणि विमा नाही तर लायसन्स नाही. इथले बहुतेक कालवे २०१२ पासून ज्या धर्मादाय संस्थेकडे आहेत, ती कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट लायसन्स देताना दोन कागद आधी मागते. एक विमा, आणि दुसरं दर चार वर्षांनी घ्यायचं बोट सेफ्टीचं सर्टिफिकेट.

सर्व्हेअरचा रिपोर्ट वीस पानांचा होता. त्यात एकही स्वप्न नव्हतं. फक्त काय झिजलंय, काय गंजलंय आणि काय लगेच बदला. मी तो एकदा वाचला आणि ड्रॉवरमध्ये टाकला. कारण मला तेव्हा स्वप्नं हवी होती.

आणि स्वप्नांना काय तोटा! फिट-आउटबद्दल विचारायला जा, प्रत्येकाकडे उत्तर तयार. एक म्हणतो, आतून स्प्रे फोमच मारून घ्या. दुसरा म्हणतो, कशाला पैसे घालवताय, थर्मोकोल चिकटवा. एक म्हणतो, स्वयंपाकघर पुढे. दुसरा म्हणतो, छे, मागेच. व्हिडिओत तर अडीच मिनिटांत किचन उभं राहतं, मागे गिटार वाजत असते. आपल्याकडे घराचं काम काढलं की सोसायटीतला प्रत्येक जण जसा वास्तुविशारद होतो ना, अगदी तसंच. माझी वही दोन महिन्यांत भरली, आणि वहीच्या प्रत्येक पानाला खोडणारं दुसरं पान त्याच वहीत होतं.

या काळात मी एक पुस्तक मात्र मनापासून वाचलं. एल. टी. सी. रोल्ट यांचं १९४४ सालचं ‘नॅरो बोट’. रोल्टनी १९३९ मध्ये ‘क्रेसी’ नावाची जुनी लाकडी बोट बॅनबरीच्या टूलीज यार्डमध्ये राहण्यासारखी करून घेतली. चक्क बाथटबसकट! आणि पुढची बारा वर्षं ते तिच्यावर राहिले. त्या पुस्तकाने लोकांना मरायला टेकलेले कालवे पुन्हा दिसले. १९४६ मध्ये रोल्ट आणि रॉबर्ट एकमन यांनी कालवे वाचवण्यासाठी इनलँड वॉटरवेज असोसिएशन काढली. म्हणजे मी आज कालव्यावर राहू शकते, त्यात त्या पुस्तकाचा वाटा आहे.

मी बॅनबरीला जाऊनही आले. यार्ड १७९० पासूनचं आहे, अजून चालू आहे, आणि त्याच्या अंगाला लागून शॉपिंग सेंटर उभं राहिलंय. एका हातात कॉफी घेऊन मॉलमधून बाहेर पडायचं, आणि समोर ड्राय डॉकमध्ये कोणीतरी बोटीचं बूड खरवडत असतो. मला सॉलिड भारी वाटलं. पण परतीच्या ट्रेनमध्ये जाणवलं, की बोट का घ्यावी हे आता मला झकास कळलंय. शेगडीचं धुराडं छपरातून कसं काढावं, हे मात्र काडीचं कळलेलं नाही.

टेप घेऊन बोट शोला

मे २०२२ मध्ये क्रिकच्या बोट शोला गेले. क्रिकेटशी संबंध नाही, क्रिक हे नॉर्दॅम्पटनशरमधलं गाव. मेअखेरच्या सुट्टीत तिथल्या मरीनात नव्याकोऱ्या बोटी मांडून ठेवतात आणि कोणीही आत जाऊन बघू शकतं. त्यातली एकही मला परवडणारी नव्हती. पण बघायला पैसे पडत नाहीत. लोक पडदे आणि लाकडाची पॉलिश बघत होते. मी मेजरिंग टेप काढून पायरीची उंची मोजत होते. पलंगाशेजारून जाणारी बोळकांडी किती इंच? सिंकसमोर उभं राहिल्यावर मागून माणूस जातो का? कपाटाच्या आत, वायरी दिसतात त्या कोपऱ्यात, मोबाइल घालून फोटो काढले. एका सेल्समनने विचारलं, ‘मॅडम, काही मदत?’ मी म्हटलं, ‘हे पॅनेल उघडतं का?’ तो बिचारा उघडून दाखवत बसला.

दुसरा सल्ला आला थेट घरून. आई लहानपणी वरळीच्या बीडीडी चाळीत वाढली. १६० चौरस फुटांच्या खोलीत आठ माणसं. मी तिला व्हिडिओ कॉलवर बोट दाखवली आणि म्हटलं, आतली रुंदी सहा फूट. तिने दोन मिनिटांत निकाल लावला. ‘उघडणारी दारं ठेवू नकोस, सरकती ठेव. पलंगाखाली खण कर. मांडणी एकाच भिंतीला. आणि हे बघ, रोज लागणारी वस्तू काढायला दुसरी वस्तू हलवावी लागत असेल ना, तर ती जागा चुकली.’ क्रिकमधल्या निम्म्या बोटी या शेवटच्या कसोटीवर नापास झाल्या असत्या!

मग कामाला लागले. पहिल्याच शनिवारी पाणसळ घेऊन पहिली आडवी पट्टी ठोकायला घेतली. बुडबुडा मध्ये आला, खूण केली. चहा पिऊन परत आले तर बुडबुडा डावीकडे! पुन्हा मध्ये आणला. मी उजवीकडे सरकले, बुडबुडाही सरकला. अर्धा तास हा खेळ चालला आणि मग डोक्यात प्रकाश पडला. अगं बाई, बोट तरंगतेय! आपण जिकडे पाऊल टाकू तिकडे ती कलणार. इथे पाणसळ नाही, ओळंबा नाही. त्यात केबिनच्या भिंतीच मुळात आत झुकलेल्या. घराची सुतारकी ज्या गोष्टींवर उभी असते, त्यातलं काहीच इथे चालत नाही. मापं घ्यायची ती बोटीच्या बोटीतच. ही फळी त्या कडेपासून किती, एवढंच खरं.

हे कुठल्याच व्हिडिओत का नव्हतं? असेलही. पण तेव्हा मी गिटार ऐकत होते.

काका आणि एक प्रश्न

पाणसळीचा खेळ खिडकीतून बघून कोणीतरी खो-खो हसत होतं. शेजारच्या बोटीवरचे आजोबा. आयुष्य इंजिनं दुरुस्त करण्यात घालवून रिटायर झालेले. मी त्यांना तोंडावर इथल्या पद्धतीने पहिल्या नावाने हाक मारायचे, पण मनात ‘काका’च म्हणायचे. काका कधी सल्ला द्यायचे नाहीत. विचारलं, हे कसं करू, तर ते उलट विचारायचे, ‘हे बिघडेल तेव्हा काय होईल?’

आधी जाम वैताग यायचा. उदाहरणार्थ, फ्रिज. बारा व्होल्टचा फ्रिज घेतला, बॅटऱ्यांना जोडला. खट्ट आवाज करून चालू व्हायचा आणि बंद पडायचा. दुकानाला फोन करून भांडायच्या तयारीत होते. काकांनी वायर बोटांत धरून बघितली आणि घरातून एक जाडजूड ग्रंथ आणून दिला. नायजेल कॅल्डर यांचं बोटींच्या मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकल कामाचं मॅन्युअल. त्याच्या आधाराने हिशेब मांडला आणि शरमच वाटली. घरात ६० वॅटची वस्तू २३० व्होल्टवर पाव अँपिअर घेते. तीच १२ व्होल्टवर ५ अँपिअर घेते. माझ्या बॅटऱ्या मागे, फ्रिज पुढे. वायरीचा रस्ता १२ मीटर, जाऊन-येऊन २४. मी टाकलेल्या अडीच स्क्वेअर मिलिमीटरच्या वायरीत ०.८ व्होल्ट वाटेतच गळत होते. बॅटरी जरा उतरली की फ्रिज रुसणार, यात नवल काय? आणि कॉम्प्रेसर सुरू होताना तर जास्तच करंट ओढतो. १६ ची वायर टाकली, गळती ०.१४ वर आली. फ्रिज आजतागायत चालू आहे.

म्हणजे बघा, ‘फ्रिज कसा जोडायचा’ हे मला चाळीस ठिकाणी सापडलं होतं. ‘फ्रिज का बंद पडतो’ हे विचारलं असतं, तर पहिल्या फटक्यात उत्तर मिळालं असतं.

मग हीच पद्धत पाडली. काहीही करण्याआधी ते कसं बिघडतं, ते आधी शोधायचं. थर्मोकोल? बिघडतं. विजेच्या वायरीचं पीव्हीसी थर्मोकोलला टेकून राहिलं की हळूहळू कडक होऊन तडकतं. आधीच्या मालकाच्या वायरी तशाच निघाल्या. म्हणून स्प्रे फोम. फ्लोअरिंग? त्याच्याखाली बोट स्थिर राहावी म्हणून विटा किंवा फरश्या भरलेल्या असतात. मी हौसेने सगळं फ्लोअरिंग पक्कं ठोकून टाकणार होते. पण किचन, शेगडी, पुस्तकं एका अंगाला आली की बोट त्या अंगाला कलते. मग विटा हलवायला फळ्या पुन्हा उखडा! म्हणून शेवटचं वजन शेवटी, आणि केबिनच्या मागच्या टोकाला, जिथे गळलेलं पाणी साचतं, तिथे एक झाकण. महिन्यातून एकदा ते उचलायचं आणि आत बोट फिरवून बघायचं. कोरडं असेल तर झोप छान लागते.

ग्रॅहॅम बूथ यांचं ‘नॅरोबोट बिल्डर्स बुक’ही मग हातात घेतलं. चित्रं बघण्यासाठी नाही. कुठली गोष्ट कुठल्या गोष्टीच्या आधी करायची, यासाठी. फोमच्या आधी रिपा, फोमनंतर वायरी, वायरींनंतर प्लाय. सोपं वाटतं ना? मी सगळ्यात आधी सिंक विकत घेतलं होतं. सेल होता म्हणून.

मोजा आणि अलार्म

आता ती रात्र. नोव्हेंबर २०२२, शनिवार. वीकेंडला मी बोटीवरच झोपायला लागले होते. भिंती लागल्या होत्या, पलंग झाला होता, आणि माझी लाडकी कोळशाची शेगडी बसली होती. मी स्वतः बसवलेली. धुराडं छपरातून वर, शेगडीच्या तोंडाशी जोडावर फायर सिमेंट. इंस्टाग्रामवर फोटो टाकला, दीडशे लाइक्स आले.

काकांनी म्हटलं होतं, शेगडी बसवण्याआधी बीएस ८५११ वाच. छोट्या बोटींत शेगड्या कशा बसवाव्यात, याचे ते २०१० सालचे ब्रिटिश स्टँडर्ड. मी उघडलं, पहिलं पान बघितलं आणि जांभई दिली. एवढी छोटीशी शेगडी, त्याला काय स्टँडर्ड! टेस्टिंगच्या नोकरीत रिक्वायरमेंट न वाचणाऱ्या डेव्हलपरच्या नावाने मी रोज खडे फोडते, हे त्या क्षणी सोयीस्कर विसरले.

त्या दुपारी काका चहाला आले. शेल्फवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पडला होता, खोक्यात, पंधरा दिवस. इथे एप्रिल २०१९ पासून मुक्कामाची सोय असलेल्या बोटींवर तो सक्तीचा आहे. मी आणला होता, पण भिंतीला पॉलिश व्हायचं होतं ना! काकांनी खोका बघितला, कपाकडे हात केला आणि म्हणाले, ‘चहा नंतर.’ स्वतः स्क्रू ड्रायव्हर घेऊन लावला, टेस्टचं बटण दाबलं, त्याची किंकाळी ऐकली आणि मगच खाली बसले.

रात्री थंडी मरणाची. छपरातल्या मशरूमच्या आकाराच्या झरोक्यातून गार हवा सरळ मानेवर येत होती. मी काय करावं? एक जुना लोकरीचा मोजा त्यात कोंबला. शेगडी रात्रभर टिकावी म्हणून तिची हवा जवळजवळ बंद केली. डोकं जरा जड झालं होतं, पण मला वाटलं, दिवसभर करवत चालवली त्याचं असेल. झोपले.

तीन वाजता तो अलार्म ओरडायला लागला. खरं सांगते, माझा पहिला विचार होता, याची बॅटरी काढावी. कारण आपल्याला सवय आहे, अलार्म म्हणजे कटकट. उठायला गेले तर पाय वळेनात. तेव्हा मात्र टरकले. दार ढकललं, ब्लँकेटसकट काठावरच्या गवतावर येऊन बसले. गवत दहिवराने पांढरं झालं होतं. मागून अलार्मचा आवाज चालूच. काका पायजम्यावर कोट घालून धावत आले आणि त्यांनी मला परत आत जाऊ दिलं नाही. मोबाइल आत राहिला होता, तरी नाही. त्यांच्या बोटीत नेऊन बसवलं. हेल्पलाइनला फोन केला, तिथल्या बाईने शंभर प्रश्न विचारले, आणि सकाळी दवाखान्यात तपासून घेतलं. वाचले होते.

दुपारी काकांनी टॉर्च पाडून दाखवलं. शेगडी बिडाची, धुराडं पोलादाचं. तापल्यावर दोन्ही सारखं फुगत नाही, आणि बोट तर सतत कुठेतरी आपटत असते. माझं नुसतं सिमेंट तिथे तडकलं होतं. नखभर फट. जोडात आधी उष्णता सहन करणारी दोरी भरायची असते, म्हणजे तो जरा हलू शकतो. त्यात हवा कमी केल्यामुळे कोळसा धुमसत होता, धुराड्याची ओढ मंदावली होती, आणि बाहेर जायची वाट मी मोज्याने बुजवली होती. विषारी वायूला ना वास, ना रंग. तीन छोट्या चुका एका रात्री एकत्र आल्या, एवढंच.

काका काहीच बोलले नाहीत. तो मोजा मात्र त्यांनी मला धुऊन परत दिला!

आईला मी हे आठ महिने सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा ती फोनवर आधी रडली, मग म्हणाली, ‘त्या गृहस्थांना पुरणपोळी करून घाल.’ घातली. शेगडीवरच.

एकवीस अपेक्षित

त्यानंतर मी सगळं काम तीन आठवडे थांबवलं आणि फक्त वाचलं. आधी तो जांभईवाला बीएस ८५११. मग सर्व्हेअरचा ड्रॉवरमधला रिपोर्ट. मग इथल्या सरकारी मरीन अपघात तपास विभागाचे रिपोर्ट्स. ते कोणालाही फुकट वाचायला मिळतात. एक रिपोर्ट विसरताच येत नाही. २०१३ साली विंडरमियर तलावावर एका मोटारबोटीत आई आणि तिची दहा वर्षांची मुलगी झोपेतच गेल्या. जनरेटरच्या धुराला घरगुती जुगाडाने जोडलेली नळी निसटली होती, आणि कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये शिरत राहिला. मी माझ्या जोडाचा फोटो त्या रिपोर्टशेजारी ठेवला. नंतर त्या फोटोचे दीडशे लाइक्स डिलीट केले.

आणि मग सापडला खरा खजिना. बोट सेफ्टी स्कीमचा तपासनीस बोट तपासायला येतो, तेव्हा तो नक्की काय बघतो, कुठे हात लावतो, कशावर फुली मारतो, ते सगळं मुद्द्यांनुसार लिहिलेलं आहे आणि सगळ्यांना खुलं आहे. म्हणजे दहावीला आपण एकवीस अपेक्षित घेऊन बसायचो ना, त्याच्याही पुढची पायरी. इथे अपेक्षित नाही, अख्खा पेपरच आधी हातात! मी एवढी वर्षं लोकांना सांगत आले, टेस्ट केस आधी लिहा, कोड नंतर. स्वतःच्या बोटीच्या बाबतीत उलटं केलं होतं.

ती यादी मी छापून भिंतीला लावली आणि एकेका ओळीपुढे लिहीत गेले. गॅसच्या कप्प्याला बाहेर उघडणारं भोक का हवं? कारण एलपीजी हवेपेक्षा जड. घरात तो निदान दाराखालून बाहेर पडेल. बोट म्हणजे बादली. तळाशी साचून राहील आणि फ्रिजच्या एका ठिणगीची वाट बघेल. हे वाचल्यावर गॅसची जोडणी स्वतः करायचा विचार सोडून दिला. राहत्या बोटीवर त्यासाठी गॅस सेफ नोंदणी असलेला आणि बोटीच्या कामाची वेगळी नोंद असलेला माणूसच लागतो. त्याची फी ऐकून पोटात गोळा आला. पण त्याने सांध्या-सांध्याला गळती तपासताना बघितलं आणि फी विसरले.

शेगडी पुन्हा बसवली. दोरी भरून, मागची भिंत न जळणाऱ्या पत्र्याची करून, ठरलेलं अंतर सोडून. झरोके मोजून ठेवले. बोटीत किती ज्योती जळतात आणि किती माणसं झोपतात, यावरून हवेला किती जागा हवी त्याचं गणित असतं. मान गार पडते तिथे आता पडदा आहे. मोजा पायात आहे.

मार्च २०२३ मध्ये तपासनीस आला. तासाभराहून जास्त गुडघ्यांवर रांगत होता. एका बॅटरीची पट्टी सैल निघाली, ती तिथल्या तिथे आवळली. पास! लग्न ठरल्यावर जेवढे फोन केले नसते, तेवढे त्या संध्याकाळी केले.

एप्रिलमध्ये रग्बीची खोली सोडली. आता सकाळी बदकांच्या भांडणाने जाग येते. ऑफिसात लोक विचारतात, ‘काय मस्त लाइफ आहे गं तुझं!’ आहेच. फक्त टॉयलेटची टाकी कोण रिकामी करतं, ते विचारू नका.

परवा आमच्या मरीनात एक तरुण जोडपं आलं. रिकामी बोट, डोळ्यांत चमक, हातात वही. ‘सुरुवात कुठून करायची? काही पुस्तकं, काही व्हिडिओ सांगशील?’ मी यादी दिली. सर्व्हेअरचा रिपोर्ट पुन्हा वाचा. तपासनिसाची यादी भिंतीला लावा. अपघातांचे रिपोर्ट वाचा, आवडले नाहीत तरी. बोट शोला टेप घेऊन जा. कॅल्डर माझ्याकडून न्या, पण परत आणा. आणि जो माणूस ‘सोपं आहे’ म्हणेल, त्याला विचारा, हे बिघडतं कसं? त्याला सांगता आलं, तर त्याचं ऐका.

तिने वही मिटली आणि चहाचा कप उचलला. माझी नजर तिच्या पिशवीतल्या खोक्यावर गेली. अलार्म. सीलसुद्धा फोडलं नव्हतं.

‘चहा नंतर,’ मी म्हटलं, आणि स्क्रू ड्रायव्हर शोधायला उठले.